वाळत घालायची जागा

“सर, या घरात चड्ड्या वाळत कुठे घालायच्या?”

माईक माझ्या हातात होता, त्यामुळे तो शब्द हॉलच्या चारी भिंतींवर आपटून परत आला. मागच्या बाकावर सेजलने तोंडात ओढणी कोंबली. आयेशा तर बाकाखालीच गेली.

पैज त्या दोघींची होती. पुण्याचे एक मोठे आर्किटेक्ट, विराज धारप, आमच्या शाळेत व्याख्यान द्यायला येणार, विषय ‘निसर्गाशी नातं सांगणारं घर’, हे कळल्यावर ठरलं की भार्गवी मेस्त्रीने उठून हा प्रश्न विचारायचा, आणि नेमक्या याच शब्दात. ‘कपडे’ म्हटलं तर पैज रद्द. जिंकले तर ईदला आयेशाच्या घरी शीरखुर्म्याची पहिली वाटी माझी.

पण आता दोन वर्षांनी, अकरावीत बसून सांगते, प्रश्न चांगलाच होता. आमच्या धामोळ्यात पावसाळ्याचे चार महिने काही वाळत नाही. आई पंख्याखाली दोरी बांधते, खुर्च्यांच्या पाठी भरते, मोजे फ्रीजच्या मागे अडकवते. ज्या घरात कपडे वाळत नाहीत त्या घरात आमच्याकडे माणूस राहू शकत नाही, मग त्याचं निसर्गाशी काहीही नातं असो.

पडद्यावर त्या वेळी जे घर होतं ते आमच्याच सड्यावर होणार होतं. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं मोठं कातळाचं पठार. त्याच्या पश्चिमेच्या टोकाला पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी जमीन घेतली होती, सुट्टीत येऊन राहायला छोटंसं घर बांधायचं होतं. धारपसरांनी ते काढलं होतं सगळं काचेचं, लोखंडी पायांवर, कड्याच्या अगदी ओठावर. एखादा बगळा समुद्रात उडी मारायला उभा असावा तसं. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

विराज धारपांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“नाव काय तुझं?”

“भार्गवी मेस्त्री.”

“भार्गवी, हे घर ज्यांच्यासाठी आहे ते इथे समुद्र बघायला येणार आहेत. तुझे जे काही आहे ते वाळवायला नाही.” हॉल हसला. ते थांबले, हसू ओसरू दिलं. “घर कळायला नजर लागते. ती काही जणांना असते, काही जणांना दोरी असते. बस खाली.”

आता हॉल फुटला. मुलं हसली, शिपाई हसला, मुख्याध्यापक मान खाली घालून हसले. तेही मी सोडून दिलं असतं. पण पहिल्या रांगेतून एक हसणं आलं, जे शेवटाला शिट्टीसारखं बारीक होतं. ते हसणं मी लाखात ओळखते. ते माझ्या बाबांचं होतं.

बाबा पहिल्या रांगेत होते कारण ते घर बांधण्याचं काम त्यांना मिळालं होतं. रमाकांत मेस्त्री, बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर. आजवर गोठे, पडव्या, एक ग्रामपंचायतीची शेड. पुण्याच्या आर्किटेक्टचं हे पहिलंच काम.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव ‘दोरी’ पडलं.

---

“बाबा, तुमी कित्याक हसलात?” त्या रात्री जेवताना मी विचारलं.

“सगळे हसले म्हणान हसलंय.”

“सगळ्यांची चेडू उभी नव्हती थंय.”

आईने माझ्या ताटात भात वाढला, न मागता. आईचं मध्ये पडणं असंच असतं.

“भागू,” बाबा म्हणाले, “तेच्या हातात कामा आसत. ह्या एक झाला की आनकी देतलो. हसाचा काम पडला तर हसाचा.”

मी ताटावरून उठले. नववीतल्या मुलीला ताटावरून उठण्यापलीकडे काही शिक्षा करता येत नाही. पण हात धुताना मोरीत उभं राहून मी ठरवलं की या माणसाला, म्हणजे धारपांना, असंच भर माणसात कुणीतरी ‘बस खाली’ म्हणायला हवं. आणि त्या वेळी बाबांचं तोंड मला बघायचं होतं.

कसं, ते माहीत नव्हतं. राग माझ्याकडे भरपूर होता, पण तो ठेवायला जागा नव्हती. म्हणून रविवारी आम्ही तिघी सड्यावर गेलो. सेजलचं म्हणणं धारपांची गाडी येईल तेव्हा टायरची हवा काढायची. आयेशाला ते पचपचीत वाटलं.

“हवा भरून घेतलो आनि जातलो. त्यापरीस आंब्यावरचो ओंबलांचो कोटो काढूया आनि गाडीत सोडूया. पुण्यापर्यंत खाजवत जाऊं दे.”

तांबड्या मुंग्यांचं ते पानांचं घर गाडीत फुटलेलं मी डोळ्यासमोर आणलं. मजा वाटली. पण मुंग्यांनी चावलेला माणूस लहान होत नाही, नुसता सुजतो.

सड्याच्या टोकाला वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आयेशाचा स्कार्फ उडाला, फडफडत गेला आणि जुन्या चिरेखाणीत पडला. डॉक्टरीणबाईंच्याच जागेत ही खाण आहे. पूर्वी तिथून घरांसाठी लाल चिरा काढायचे, मग बंद पडली. धारपांनी व्याख्यानात तिच्याबद्दलही सांगितलं होतं. जमिनीला झालेली जखम आहे, दगडमाती टाकून भरून घेणार.

स्कार्फ आणायला आम्ही ट्रकच्या उतारावरून खाली गेलो. आणि खाली पाऊल ठेवताच वारा बंद झाला. कुणी दार लावावं तसा.

तीन बाजूंना चिऱ्याच्या सरळ कापलेल्या लाल भिंती, घर अर्धं बांधून कुणी निघून गेल्यासारख्या. भिंतीच्या फटीतून करवंद लोंबत होतं. खाणीचा तळ दोन पायऱ्यांचा होता, एक वरची रुंद पायरी आणि एक खालचा कोपरा. खालच्या कोपऱ्यात पावसाचं हिरवं पाणी अजून शिल्लक होतं आणि त्याच्या काठाने एक पाणकोंबडी चालत होती. वरच्या पायरीवर पाणी कधी चढत नाही, हे मला माहीत होतं. दर पावसाळ्यात आम्ही तिथेच बसून खाली दगड मारतो. चौथी बाजू ट्रकसाठी उघडी ठेवलेली, आणि तिच्यातून बरोबर एक तुकडा समुद्र दिसत होता. सगळा नाही. एक तुकडा.

“इतको बस झालो समुद्र,” मी म्हणाले.

“कोणाक?” सेजलने विचारलं.

मला माझा राग ठेवायला जागा सापडली होती.

---

पुढचे दिवस मी सामान जमवत होते. साबणाची पुठ्ठ्याची खोकी, डिंक, बाबांच्या साईटवरची चिऱ्याची लाल पूड, सुपारीच्या झाडाची गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं चिवट साल. त्यातून मी खाण केली, पायऱ्यांसकट. वरच्या पायरीवर घर ठेवलं, दोन खोल्यांचं. मागची भिंत बांधलीच नाही. खाणीची आहे की. छप्पर विरीचं, खाणीच्या काठाच्या वर जेमतेम बोटभर. म्हणजे सड्यावरून चालणाऱ्या माणसाला घर दिसणारच नाही, टिटवीला अंडी घालायला जागा उरेल, आणि वारा डोक्यावरून निघून जाईल.

आणि घराला पूर्ण लांबीची एक पडवी. वरून छप्पर, दोन्ही टोकं मोकळी, म्हणजे पाऊस आत येणार नाही पण हवा खेळेल. त्या पडवीत मी एक दोरा ताणला. आणि लाल फडक्याची, नखाएवढी, एक चड्डी शिवून त्या दोऱ्यावर घातली.

धारपांसाठी होती ती. त्यांनी बघावी म्हणून.

मॉडेल मी सड्यावरच्या साईटच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाई जागा बघायला येणार होत्या, बाबांच्या तोंडून कळलं होतं. माझा बेत असा की त्यांनी ते बघावं, दोन्ही घरं शेजारी ठेवावीत, आणि धारपांसमोर सांगावं की हे दुसरं बांधा. एवढंच. याहून गोड काही मला सुचत नव्हतं.

आठवडाभर मॉडेल तिथे होतं. जागेभोवती दगडी कुंपण रचायला आलेले बाबांच्या हाताखालचे सगळे गवंडी, कामगार त्याच्या बाजूला बसून जेवत. त्याला ‘भागूचो बंगलो’ म्हणत. पांडूकाका रोज विचारायचे, “माका एक खोली देतलंस मां? भाडा देऊचंय नाय हां.” एकदा मी लांबून पाहिलं, बाबा वाकून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून, पडवीतून आरपार बघत होते.

डॉक्टरीणबाई आल्या नाहीत. ऐनवेळी त्यांना एका पेशंटच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं निघालं. धारप एकटेच आले.

मी शेडच्या दारात होते. त्यांनी मला ओळखलं नाही. ते मॉडेलसमोर उभे राहिले. मग मोबाईल काढला, चारी बाजूंनी फोटो घेतले, वरून एक घेतला.

“मेस्त्री, हे कोणी केलं?”

मी पुढे व्हायला पाय उचलला. बाबा माझ्याआधी बोलले.

“पोरीचा खेळ आहे साहेब तो. उचलून ठेवतो.”

“असू दे, असू दे. खेळ चांगला आहे.” धारप हसले. “मी नेऊ का? ऑफिसात मुलांना दाखवायला.”

बाबांनी एकदा दाराकडे, माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांनी मॉडेल उचलून त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. वर उन्हासाठी पेपरही झाकला, विरी तडकू नये म्हणून.

मला वाटलं, झालं, ते डॉक्टरीणबाईंना दाखवतील. मी त्या रात्री आनंदाने झोपले. इतकी मी तेव्हा खुळी होते.

---

नवीन नकाशे आले ते शिमगा उलटून गेल्यावर. बाबांनी ते जमिनीवर पसरले, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन जात होते, तशीच उभी राहिले.

खाण. वरची पायरी. दोन खोल्या. मागची भिंत खाणीची. चौथ्या बाजूने एक तुकडा समुद्र. आणि पूर्ण लांबीची पडवी, जिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मौन-अवकाश : ध्यानासाठी’. खाली कोपऱ्यात, संकल्पना, विराज धारप.

चड्डी तेवढी काढली होती.

“बाबा, ह्या माझा आसा.”

बाबांनी नकाशावरून हात फिरवला, सुरकुती नव्हती तिथेही.

“बाबा.”

“माका दिसता गो.”

“मग सांगा तेंका.”

“काय सांगू? माझ्या चेडवान पुठ्ठ्याचा केल्यान ता तुमी घेतलास? तो म्हणतलो, मेस्त्री, दुसरो कॉन्ट्रॅक्टर बघतंय.” बाबांनी वाट्या उचलल्या आणि नकाशा गुंडाळला. “घर होता ना तुझ्या मनातला? मिया बांधतंय, माझ्या हातान. आनि काय होया तुका?”

मला काय हवं होतं ते मी सांगू शकले असते. मला हवं होतं की त्यांनी ते मोठ्याने म्हणावं. चार लोकांत. ते हसले होते त्याच आवाजात.

आईने त्या दिवशी पुन्हा न मागता भात वाढला. मी तो खाल्ला. आता मला ताकद लागणार होती.

---

आमच्याकडे बांधकामाला पहिली कुदळ मारण्याआधी गाऱ्हाणं घालतात. गावचे मानकरी दाजी परब जागेच्या राखणदाराला हाक मारतात आणि एक एक गोष्ट मोठ्याने सांगतात. हे घर अमक्याचं, बांधणारा तमका, त्याला अपघात होऊ देऊ नको, पाण्याला कमी पडू देऊ नको. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय महाराजा.” त्याला जाब म्हणतात. जाब आला की दाजी पुढच्या वाक्यावर जातात. आणि कुणाला स्वतःचं काही सांगायचं असेल तर त्याने आधी दाजींकडे नारळ ठेवायचा. लहान असो, मोठा असो, नारळ ठेवला की दाजी त्याचं म्हणणं गाऱ्हाण्यात घालतात.

भूमिपूजन अक्षय्य तृतीयेला ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी नारळ घेऊन दाजींकडे गेले. सेजल आणि आयेशा कुंपणाबाहेर थांबल्या.

दाजी ओट्यावर पान कुटत बसले होते. दात नाहीत, पण आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा.

“काय गो मेस्त्रीचा चेडू? परीक्षेत पास कर म्हणान सांगू?”

“परीक्षा झाली दाजी. उद्याच्या गाऱ्हाण्यात एक सांगाचा आसा.”

मी सांगितलं. दाजींचा खलबत्ता थांबला.

“ह्या सांगाचा? त्या पुण्याच्या सायबाचा?”

“व्हय.”

“आनि ह्या खरा मां? गाऱ्हाण्यात मी खोटा बोलणंय नाय.”

“ता माका कित्याक इचारतास? तुमी सांगा. खरा आसला तर गाव जाब देतलो.”

दाजींनी नारळ उचलून कानाशी हलवला, आत पाणी आहे ना बघितलं आणि पाठीमागे ठेवून दिला.

बाहेर आल्यावर मी मैत्रिणींना सांगितलं की मी काय सांगायला लावलंय. आयेशा रस्त्यातच थांबली.

“खुळावलंस काय गो? तू तेचा कौतुक करतंस? नारळ देऊन?”

“ओंबलां बरी होती,” सेजल म्हणाली.

“उद्या या,” मी म्हणाले. “पुढे उभ्या रवा. आनि काय झाला तरी तोंडातसून आवाज काढू नकात.”

---

सकाळी खाणीत चाळीसेक माणसं जमली. वर सड्यावर ऊन रटरटत होतं. खाली, भिंतीच्या सावलीत, बरं वाटत होतं. डॉक्टरीणबाई, डॉ. सुमेधा राजहंस, मी पहिल्यांदाच बघितल्या. बुटक्या, केस पांढरे आणि कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. त्या सारख्या भिंतींना हात लावून बघत होत्या. धारप पांढऱ्या कुडत्यात होते आणि त्यांच्या मागे मागे बोलत होते.

“सगळे जमिनीच्या वर विचार करतात,” ते म्हणत होते. “मी ठरवलं, जमिनीच्या आत विचार करायचा. या जखमेलाच घर करायचं.”

“तुम्हाला हे सुचलं कसं पण?” डॉक्टरांनी विचारलं.

“इथे एकटा बसलो होतो. वारा थांबला, आणि घर दिसलं.”

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. माझ्या तळव्यात नखं रुतली, पण मी हसले. खरंच हसले. मला भीती होती की ऐनवेळी ते थोडे नम्र होतील.

दाजींनी पानावर तांदूळ ठेवले, नारळ मांडले, डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि हात जोडले. सगळे उभे राहिले. बाबा अगदी पुढे, त्यांच्या मागे कामगार. जाबाला पहिला आवाज बांधणाऱ्याचा असतो. तो बोलला की बाकीचे उचलतात.

“बा राखणदारा, ह्या कातळार नि ह्या पाण्यार तुझी नजर आसा...”

“व्हय महाराजा.”

“आज ह्या बायेन तुझ्या जाग्यात घर मांडूचा ठरवल्यान हा, तिका लेकीवरी सांभाळ...”

“व्हय महाराजा.”

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. धारपांनाही ते आवडलं असावं. तिसऱ्या वाक्याला ते स्वतःच जाबात सामील झाले, शुद्ध पुणेरीत, “होय महाराजा.”

“रमाकांत मेस्त्री हय हात घालता, तेच्या माणसांक धका लागाक देव नुको...”

“व्हय महाराजा.”

मग दाजींनी माझा नारळ पुढे ओढला. श्वास घेतला.

“आनि महाराजा, ह्या घराची कल्पना पुण्याच्या धारप सायबांच्या सोताच्या डोक्यातसून इली. दुसऱ्या कोणाची नाय, तेंचीच. ह्या खरा म्हणान आमी सगळे सांगतंव. तेच्यासाठी तेंका येश दी...”

धारपांनी डोळे मिटून मान झुकवली.

आणि कुणीच बोललं नाही.

गाऱ्हाण्यात जाब न येणं मी कधी ऐकलं नव्हतं. शांतता अशी पडली की खालच्या कोपऱ्यात पाणकोंबडी पाण्यात उतरल्याचा आवाज आला. पांडूकाका स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. बाकीचे बाबांच्या पाठीकडे.

“होय महाराजा,” धारप म्हणाले. एकटेच. भिंतींनी ते त्यांना परत करून दिलं.

त्यांनी डोळे उघडले, हसून इकडेतिकडे बघितलं. “काय झालं? थांबलं का?”

“जाब येवक नाय सायब,” दाजी शांतपणे म्हणाले. “जाब इल्याबिगर पुढे जाता येना नाय. परत सांगतंय.”

आणि त्यांनी परत सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द, पहिल्यापेक्षा मोठ्याने. दुसऱ्या कोणाची नाय, तेंचीच. ह्या खरा म्हणान आमी सगळे सांगतंव.

सेजलने माझा हात धरला. तिला आत्ता कळलं होतं. मी मात्र धारपांकडे बघतच नव्हते. मी बाबांच्या मानेकडे बघत होते. ती मागून लाल झाली होती. ते ‘व्हय’ म्हणाले असते तर सगळ्यांनी म्हटलं असतं, आणि मग माझं ते घर तर गेलंच होतं, बाबाही गेले असते. मी एका नारळात दोघांना धरलं होतं.

बाबांनी घसा साफ केला.

“दाजी, ह्येका व्हय म्हणूक माका जमाचा नाय.”

“कित्याक रे?”

“राखणदार ऐकता हा.” बाबांचा आवाज नेहमीचाच होता, साईटवर पाणी मार म्हणून सांगताना असतो तसा. “खोटा बोलून मी हय चिरो लावचंय नाय. उद्या कोण पडलो तर?”

“मेस्त्री,” धारप म्हणाले, “हा काय प्रकार आहे?”

बाबा वळले आणि चाळीस माणसांतून बरोबर माझ्याकडे बघून म्हणाले, “भागू, हयसर ये गो.”

मी गेले. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना सांगितलं, मराठी पुस्तकातली काढून, “मॅडम, हे घर माझ्या मुलीचं आहे. तिने बनवून शेडमध्ये ठेवलं होतं. या सगळ्यांनी बघितलंय. मीच साहेबांच्या गाडीत ठेवलं.”

“भागूचो बंगलो,” मागून पांडूकाका म्हणाले, आणि पाच-सहा जणांनी माना हलवल्या.

डॉक्टरांनी धारपांकडे बघितलं. मग माझ्याकडे, डोळे तपासतात तशा, जरा वाकून.

“एक सांग मला. ही जी लांब पडवी आहे, ती कशासाठी?”

“मी सांगितलं ना डॉक्टर,” धारप मध्येच म्हणाले, “ती ध्यानाची...”

“तिला विचारलंय मी.”

“कपडे वाळत घालायला,” मी म्हणाले. “पावसात दोन्हीकडून हवा येते म्हणून टोकं उघडी. दोरीसुद्धा होती तिथे. आणि दोरीवर एक लाल चड्डी होती. ती सरांच्या ऑफिसात असेल.”

डॉक्टरांनी धारपांना विचारलं, “होती?”

धारपांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, अगदी त्या फडक्याच्या रंगाच्या. डॉक्टर आधी नाकातून हसल्या, मग मोठ्याने. मग दाजी हसले, बिनदाताचे, मग सगळी खाण हसली. आणि त्या हसण्यात मला एक हसणं ऐकू आलं जे शेवटाला शिट्टीसारखं बारीक होत होतं.

धारप एका चिऱ्यावर बसले. मी बस खाली म्हणालेही नव्हते.

दाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. नारळ अजून तसाच होता, आणि ठेवलेला नारळ परत नेता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघत वाक्य फिरवलं.

“बा महाराजा, ज्या कोणाच्या डोक्यातसून ह्या घर इला, तेका येश दी. आनि ज्येना दुसऱ्याचा आपला म्हणान सांगितल्यान, तेका सुबुद्धी दी...”

“व्हय महाराजा,” बाबा म्हणाले, आणि पाठोपाठ सगळे. डॉक्टरही. धारपांचे ओठ हलले. मी मुद्दाम बघितलं. आवाज नव्हता, पण हलले.

---

त्या संध्याकाळी आई-बाबा पडवीत बसले होते. डॉक्टरांनी नकाशावर माझं नाव घालायला लावलं होतं. धारपांना मात्र त्यांनी काढलं नव्हतं. छप्पर किती भार घेईल, पाणी कुठून काढायचं, हे मला कुठे येत होतं. आणि निघताना त्या त्यांना म्हणाल्या होत्या, माझ्यासमोर, “या सुट्टीत ही तुमच्या ऑफिसला येईल. हिला शिकवायचं. ते मी बघणार आहे.” धारप दातांवर दात ठेवून म्हणाले होते, “जरूर येऊ दे.”

“काय एक जाऊचा नाय,” आई म्हणाली. तिने त्या दिवशी पहिल्यांदाच तोंडाने मत दिलं. “चोराच्या दारात चेडू धाडूचा? तो हिका चाय आणूक सांगतलो.”

“खरा आसा,” बाबा म्हणाले. पुढची कामं येतील की नाही, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. “झाला ता झाला. तुझा नाव लागला ना? आता पुरे. सोड तेका.”

दोरीवरचे कपडे काढायला मी उठले होते. ते खांद्यावर टाकून त्यांच्यासमोर उभी राहिले.

“मी जातलंय,” मी म्हणाले. “सोमवारच्या एस्टीन. हडपसरच्या मावशीकडे रवतलंय. चाय सांगितल्यानी तर चाय देतलंय. पण त्यांनी माझा एक घर घेतल्यानी, मी तेंका जा जा येता ता सगळा घेऊन येतलंय. आनि पयल्या दिवशी, सगळ्या हाफिसासमोर, तेंका इचारतलंय, सर, माझी चड्डी खंय ठेवलास?”